नवरात्र करून जर्मनीला गेले तर चालेल का?

चणियाचोळी
नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचतेय, लिहायला आज पहिल्यांदा बसले. शुद्धलेखन सांभाळून घ्या. शाळा इंग्रजी, गल्ली गुजराती आणि मराठी फक्त आजीपुरती.

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. एम. एस. युनिव्हर्सिटीतून यंदा मेकॅनिकलचं बी.ई. झालं. जर्मनीत केमनिट्सला मास्टर्सची ॲडमिशन आली आहे. सत्र कागदावर १ ऑक्टोबरला सुरू होतं, लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्याला. व्हिसासाठी मुंबईला जाऊन आले, पासपोर्टची वाट बघतेय. घरातून परदेशी शिकायला जाणारी मी पहिलीच. बाबा एकदा नेपाळला गेले होते, तेही पशुपतिनाथाला.

तर प्रश्न. यंदा अधिक महिन्यामुळे नवरात्र उशिरा आहे, ११ ऑक्टोबरला घट बसतात. आमच्या पोळातल्या गरब्यात मी सहा वर्षं गाणाऱ्यांत असते. दसरा करून २१ तारखेला निघाले तर काय बिघडेल? एका आठवड्याची लेक्चर्स बुडतील, ती नोट्सवर निघतील ने?

दुसरं, कुकर. आई म्हणते तीन लिटरचा, आजी म्हणते पाचाचा, 'कोणी जेवायला आलं तर?' तिसरं, बाबांना एफडी मोडायची आहे आणि मला लोन घ्यायचं आहे. घरात रोज रात्री यावर चर्चासत्र भरतं. अनुभवी लोकांनी सांगा.

विश्वामित्रीतली_मगर
बडोद्याची मुलगी नवरात्राआधी गाव सोडायचा विचार तरी कसा करते? पासपोर्ट आलाच तर लपवून ठेवा.

माग्डेबुर्गकर
मगरीचं ऐकू नकोस. मीही बडोद्याचाच, कारेलीबागेतला. पाच वर्षं इकडे आहे.

लेक्चर्सचं सोड, नोट्स मिळतात. अडतं ते बाकीचं. खोलीचा करार बहुतेक १ ऑक्टोबरपासून असेल. किल्ली हाउसमाइस्टरकडून घ्यायची, म्हणजे इमारतीचा केअरटेकर, आणि तो ठरलेल्या वेळेतच भेटतो. खोलीत राहायला आलीस की दोन आठवड्यांत गावच्या कचेरीत पत्त्याची नोंदणी करायची. त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. त्या नोंदणीवर बँकेतलं खातं आणि पुढे रेसिडन्स परमिट. विम्याचं पत्र युनिव्हर्सिटीला गेलेलं असलं पाहिजे. ही साखळी आहे, एक कडी सरकली की पुढच्या सगळ्या सरकतात. आणि ऑक्टोबरात प्रत्येक कचेरीत तुझ्यासारखे शेकडो नवे विद्यार्थी रांगेत असतात. २१ला निघालीस तर भेटीची वेळ नोव्हेंबरची मिळेल.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. ३ ऑक्टोबरला जर्मन एकीकरणाची सुट्टी असते. यंदा ती शनिवारी आहे. रविवारी दुकानं बंद असतातच. म्हणजे शुक्रवारी रात्री उशिरा पोचलीस तर सोमवारी सकाळपर्यंत सुटकेसमधल्या चिवड्यावर राहायचं. मी पहिला रविवार भाकरवडी आणि नळाच्या पाण्यावर काढलाय. (नळाचं पाणी उत्तम असतं, ती तक्रार नाही.)

ओटा_आणि_ओळी
कुकरचं मी सांगते. लेकीला पाठवून दोन वर्षं झाली. तीन लिटर. पाहुणे आले तर दोनदा लावायचा. पण त्याआधी शेगडी कसली आहे ते विचार. इंडक्शन असेल तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणारच नाही, बूड इंडक्शनचं हवं. माझ्या लेकीने इथून चांगला जाडजूड हिंडालियमचा नेला आणि सहा महिने त्यात कांदे ठेवले.

एक शिट्टी आणि दोन गास्केट जास्तीच्या दे. तिकडे बाकी सगळं मिळतं, गास्केट सहज मिळत नाही.

खमंग
शिट्टीवरून आठवलं. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा पहिल्यांदा कुकर लावून आंघोळीला गेला. शेजारच्या जर्मन मुलीने दार वाजवून विचारलं, काही गळतंय का, कोणाला बोलवू का? तीन शिट्ट्यांची डाळ ही संकल्पना तिला समजावून सांगता सांगता पाचवी झाली.

शिट्टीने काही होत नाही, फोडणीने होतं. छतावरचा धुराचा अलार्म मोहरी तडतडेपर्यंत शांत असतो आणि मिरची पडली की बोंबलतो. खिडकी आधी उघड, तेल नंतर तापव.

रावपुरा_निवृत्त
मला एक कळत नाही. आमच्या वेळी एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकायला बाहेरून मुलं यायची. आता इथली मुलं इथली डिग्री घेऊन तिकडे भांडी घासायला जातात. अलकापुरी, फतेगंज, जिकडे बघावं तिकडे व्हिसाच्या पाट्या. पिझ्झाच्या दुकानांपेक्षा त्या जास्त. बारा-पंधरा लाख घालून काय मिळवायचं? एवढ्यात इथे धंदा उभा राहतो. मुलीला निरुत्साह करायचा नाही, पण कोणीतरी हेही बोललं पाहिजे.

माग्डेबुर्गकर
काका, भांडी मीही घासली. हॉटेलात, आठवड्याला दोन संध्याकाळी. त्याची लाज कधी वाटली नाही. आणि पंधरा लाख 'घालायचे' नसतात. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटींत फी जवळजवळ नसते, सेमिस्टरचं अंशदान असतं. (बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, २०१७ पासून. केमनिट्स त्यात येत नाही.) ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी आधीच भरून ठेवायचं खातं) ठेवतो ते आपलेच राहायचे-खायचे पैसे. सप्टेंबर २०२४ पासून रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ परत हातात.

ग्रंथपाल
@रावपुरा_निवृत्त, तुम्ही ज्या गावात बसून हे लिहिताय त्या गावाचा राजाच कवळाण्याच्या शेतकरी घरातून आला होता, बारा वर्षांचा असताना, १८७५ साली. १८८७ मध्ये तो पहिल्यांदा युरोपला गेला आणि मग जातच राहिला. १९१० मध्ये इथली वाचनालयं उभी करायला अमेरिकेतून बॉर्डेन नावाचा ग्रंथपाल बोलावला. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत काचेची तळजमीन असलेले मजले आहेत, ते बघून या. बाहेर जाऊन बघणं आणि आणून इथे लावणं, हे या गावाला नवीन नाही.

विश्वामित्रीतली_मगर
आला, आला! सयाजीराव आले! बडोद्याचा कुठलाही धागा पंचवीस प्रतिसादांच्या आत महाराजांपर्यंत पोचतो. हा सातव्यातच पोचला.

संकल्पवड
महाराज आलेच आहेत तर पुढचंही लिहितो. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबियात गेले. करार होता, परत येऊन संस्थानची नोकरी करायची. १९१७ मध्ये ते त्याप्रमाणे आले. आणि या गावात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले, कळल्यावर लोक लाठ्या घेऊन आले आणि बाहेर काढलं. पुढचे तास कमाटीबागेत वडाखाली बसून काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले.

मी चाळीस वर्षांचा होईपर्यंत कमाटीबागेत फक्त खेळण्यातल्या रेल्वेसाठी जात होतो. आमच्या घरात ही गोष्ट माहीत होती, शाळेत कोणी सांगितली नाही. चणियाचोळी, जायच्या आधी एकदा तिथल्या वडाखाली जाऊन ये. तुला परक्या गावात खोली मिळते आहे, करारावर सही करून, आडनाव न विचारता.

ग्रंथपाल
वाचलं. मी वरती अर्धीच गोष्ट लिहिली होती.

चणियाचोळी
संकल्पवड, गेले होते मी. शाळेच्या सहलीला नाही, कॉलेजात एका मैत्रिणीबरोबर. तिने सांगितली होती. पुन्हा जाईन.

कुकर तीन लिटर ठरला. आजी रुसली आहे. शेगडी काचेची आहे, इंडक्शन नाही, असं विद्यार्थी वसतिगृहाच्या मेलमध्ये आलंय.

वाघोडिया_रोड
एका बापाचा अनुभव. मुलगा २०२२ मध्ये कॅनडाला गेला. अलकापुरीतल्या एका एजंटने पाठवला, नाव घेत नाही. फी आमच्याकडून घेतली नाही म्हणून आम्ही खूष होतो, नंतर कळलं की कमिशन कॉलेजकडून मिळतं, म्हणून तो तेच कॉलेज दाखवत होता. पोरगं ओंटारियोत पोचलं तर कॉलेज म्हणजे बाजाराच्या इमारतीत वरच्या मजल्यावर चार खोल्या. शिकून झाल्यावर वर्क परमिट मिळण्याच्या यादीत ते कॉलेज आहे का, हे मी तपासलंच नव्हतं. इथे सायकल घेताना दहा दुकानं फिरलो होतो.

आता तो ठीक आहे, दुसरीकडे शिकतोय. पण पहिलं वर्ष तो फोनवर 'छान आहे पप्पा' म्हणायचा आणि आम्ही ऐकायचो. एकदा व्हिडिओ कॉलमध्ये मागे गादी दिसली, मग शेजारी दुसरी, तिसरी. एका खोलीत पाच जण होते.

तुझं तसं नाही, सरकारी युनिव्हर्सिटी आहे, चांगलं आहे. पण मुली, काही वाईट झालं तर 'छान आहे' म्हणू नकोस. एवढंच सांगायचं होतं.

ओटा_आणि_ओळी
वाघोडिया रोड, तुमच्या मुलाला काकूकडून आशीर्वाद.

बँकवाली
लोनचं राहिलं. एफडी पूर्ण मोडू नका असं माझं मत, आणि हे बँकेत बसते म्हणून म्हणत नाहीये (थोडं त्यामुळेही). साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, पालक सहकर्जदार असतात. त्यावर गेलं की घराचे कागद मागतील. व्याजावर आयकरात आठ वर्षं वजावट मिळते, पण जुन्या करपद्धतीत असाल तरच. बाबा नव्या पद्धतीत असतील तर तो मुद्दा चर्चासत्रातून वगळा.

आणि युरो पाठवताना: स्वतःच्या पैशातून वर्षाला दहा लाखांवर गेलं की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून ते लागत नाही. कापलं गेलं तरी बुडत नाही, रिटर्नमध्ये मागता येतं, पण पैसे अडकतात आणि घरात कोणावर तरी चिडचिड होते.

निम्मं लोन, निम्मी एफडी. लोनचा हप्ता तुझ्या नावावर असला की तुलाही बरं वाटेल आणि बाबांची एफडी म्हातारपणाला राहील.

चणियाचोळी
बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. 'म्हातारपण' शब्दावर हरकत घेतली, बाकी मान्य.

लीलो_चिवडा
सामानाचं कोणी बोललंच नाही, म्हणून मी. लीलो चिवडा, भाकरवडी, जेवढी बसेल तेवढी. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला. तूप नेऊ नकोस. दूध-दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून आणायला बंदी आहे. आमच्या सासूबाईंनी कढवलेलं दोन किलो तूप फ्रँकफुर्टला एका हातमोजेवाल्याने पिंपात टाकलं, त्या अजून त्याचं तेरावं घालतात.

आणि दुबईवरून जाणार असशील तर खसखस अजिबात नको. यूएईत बंदी आहे. नशेच्या पदार्थात धरतात.

खमंग
म्हणजे अनारसे घेऊन जाणारी मराठी बाई तिकडे तस्कर?

लीलो_चिवडा
हसा. पण अनारसे नकोच.

माग्डेबुर्गकर
चष्मा असेल तर दोन जोड्या करून घे, दात तपासून घे. आपल्या तीन जाड पिनांचा प्लग तिकडे बसत नाही, दोन ॲडॉप्टर घे. जाड कोट इथून घेऊ नको, तिकडे मिळतो आणि बॅगेतली चार किलो वाचतात.

अजून एक, हे बॅगेत मावत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्या दिवसापासून अंधार लवकर पडतो, डिसेंबरात चारलाच दिवे. मला पहिल्या नोव्हेंबरात वाटलं होतं माझ्यातच काही बिघडलंय. काही बिघडलं नव्हतं, ऊन नव्हतं. तेव्हा रोज दुपारी बाहेर पड, काम नसलं तरी.

रावपुरा_निवृत्त
जाणारच असेल तर जाऊ दे. पण हे सगळं ठीक, मुलगी निघणार कधी? मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

चणियाचोळी
काका, बरोबर पकडलंत. त्यात नवीनच घोळ झालाय.

माग्डेबुर्गकरांचं वाचून मी नवरात्र सोडलं. सोडलं म्हणजे, दोन दिवस कोणाशी बोलले नाही आणि मग सोडलं. ३० सप्टेंबरच्या रात्रीचं मुंबईहून तिकीट बघितलं. गुरुवारी पोचते, त्याच दिवशी किल्ली, शुक्रवारी बाजारहाट, शनिवार-रविवार बंद असेना का. सगळं जुळलं.

तेवढ्यात आजी कालनिर्णय घेऊन आली. २५ला अनंत चतुर्दशी, २६ला पौर्णिमा, २७पासून पितृपक्ष, थेट १० ऑक्टोबरपर्यंत. 'पहिल्यांदा घराबाहेर पडतेस आणि पितृपक्षात?' तिचं म्हणणं, एकतर गणपती उठले की २६ला नीघ, नाहीतर घट बसल्यावर. २६ला निघाले तर चार रात्री राहू कुठे? घट बसल्यावर निघाले तर साखळी. आई म्हणते आजीचं मन मोडू नको. बाबा म्हणतात हॉटेलचे चार दिवसांचे पैसे आजीच्या पेन्शनमधून घे. आजी ते खरंच द्यायला तयार झालीय, हीच अडचण आहे.

विश्वामित्रीतली_मगर
गंमत बघा, जिला नवरात्र करून जायचं होतं तिला आता आजी नवरात्रापर्यंत थांबवतेय आणि तिलाच थांबायचं नाही.

माग्डेबुर्गकर
चार रात्रींची सोय होऊ शकते. केमनिट्सला भारतीय विद्यार्थी खूप आहेत, कोणाच्या तरी खोलीत गादी टाकता येईल. पण अनोळखी गावात पहिल्या रात्री दुसऱ्याच्या खोलीत, मोठ्या दोन बॅगा घेऊन... मी असतो तर तीसलाच निघालो असतो.

नास्तिक_नंदू
एकविसाव्या शतकात इंजिनीअर मुलगी पितृपक्ष बघून विमान पकडणार. आजीला स्पष्ट सांग, काही होत नसतं.

ओटा_आणि_ओळी
नंदू, तुम्ही तुमच्या आजीला सांगितलं होतं का स्पष्ट?

नास्तिक_नंदू
नाही.

रावपुरा_निवृत्त
अरे, एवढं काय डोकं लावताय. तुम्हा लोकांना प्रस्थान ठेवणं माहीत नाही का?

आमच्या लहानपणी वडिलांची बदली झाली की मुहूर्त आणि गाडी कधी जुळायची नाहीत. मग चांगला दिवस बघून प्रवासातली एक वस्तू, नारळ-सुपारी, एखादं उपरणं, शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायचं. ती वस्तू घराबाहेर पडली म्हणजे माणूस निघाला. मग खरा माणूस पाच-सात दिवसांत सवडीने निघतो, ती वस्तू घेऊन. शास्त्रात बसतं. अनंत चतुर्दशीला गणपतीबरोबर तुझं प्रस्थान ठेव, ३०ला विमानात बस. आजीला माझं नाव सांग, रावपुऱ्यातल्या जुन्या माणसाने सांगितलंय म्हणावं.

ग्रंथपाल
काका, तुम्हाला साष्टांग.

बँकवाली
म्हणजे व्हॅल्यू डेट आधीची आणि ट्रान्झॅक्शन नंतर. आमच्याकडे रोज करतो.

चणियाचोळी
आजीला सांगितलं. ती दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, 'मला माहीत होतं, तुम्हाला आठवतंय का बघत होते.' तिकीट काढलं!!

चणियाचोळी
धागा वर काढतेय. उद्या रात्री विमान आहे. पासपोर्ट आला, लोन मंजूर झालं, बॅग २२ किलो ७०० ग्रॅम. खसखस नाही, तूप नाही.

रविवारी संध्याकाळी पोळातल्या बायका ओट्यावर बसल्या आणि मला चार गरबे गायला लावले. पितृपक्षात कसला गरबा म्हणून आजी आधी पुटपुटत होती, मग टाळ्या तीच द्यायला लागली. ढोल नव्हता. परत लिहीन त्याबद्दल, आत्ता नको.

रावपुऱ्याचे काका, प्रस्थान ठेवलं. नारळ नको म्हणाली आजी, 'जाताना जे सगळ्यात जास्त लागणार ते ठेव.' म्हणून २५ला आरतीनंतर कुकर समोरच्या कोकिलाबेनकडे नेऊन ठेवला, हळद-कुंकू लावून.

आज आणायला गेले तर त्यात त्यांची खिचडी होती. तीन शिट्ट्या झाल्यायत, म्हणाल्या, बेस ने, जमीने जा. (बस ना, जेवून जा.)